कंट्रोलच्या चार ओळी

प्रयोगवहीत उजव्या टोकाला 'शेरा' नावाचा एक रकाना असतो. बोटभर रुंद. त्यात 'पाऊस झाला' किंवा 'रीडिंग उशिरा' एवढंच मावतं. खरं जे घडतं ते त्यात बसतच नाही, मग आम्ही ते चहाच्या वेळी एकमेकांना सांगत बसतो. शहाद्याच्या कॉलेजात मी लॅब असिस्टंट. वह्या कपाटात गेल्या, किस्से माझ्या डोक्यात साठले!

आमच्या मॅडमचं काम मिरचीच्या मर रोगावर. मातीतली बुरशी मुळांत शिरते आणि चांगलं उभं झाड चार दिवसांत मान टाकतं. मॅडम त्या बुरशीला रोखणारे जीवाणू वाढवतात आणि जोडीला कोळंबीच्या कवचापासून केलेले नॅनो कण देतात. प्रोजेक्ट तीन हंगामांचा, आणि वावर कळसाडीच्या हिंमतआप्पांचं. त्यांची मिरची आधी दोन वर्षं मर लागून बसली होती. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तीन साल देखसू. नही ते ऊस लाई दिसू."

त्यांच्या बायकोला सगळं गाव जिजी म्हणतं. त्या लगेच म्हणाल्या, "ऊस लाया म्हणजे वावरमा जावानं कामच नही. मंग मी दिनभर काय करू?" मिरची खरं तर त्यांचीच होती. रोप लावण्यापासून तोडणीपर्यंत सगळं त्याच बघायच्या.

\*

आमचा सगळ्यात दमदार जीवाणू तोरणमाळच्या मातीतला. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांच्या शेतातून मॅडमनी पिशवीभर माती घेतली. बाबा घरी पावरी बोलणारे, मराठी मोजकी. त्यांनी विचारलं, "माती नेता. परत कधी आणणार?"

आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. दोन महिन्यांनी उरलेली माती घेऊन तो घाट पुन्हा चढल्या, मलाही चढवलं. बाबांनी पिशवी हातात तोलून पाहिली आणि म्हणाले, "थोडी कमी आहे!"

वहीत त्या जीवाणूला नंबर आहे. आम्ही त्याला 'तोरणमाळकर' म्हणतो.

\*

नॅनो कणांची बाटली आप्पांनी उन्हात धरून चारी बाजूंनी फिरवली. मॅडमनी समजावलं, "आप्पा, ते केसाच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक असतात. डोळ्यांना दिसत नाहीत."

आप्पांनी बाटली कानाशी नेऊन हलवून पाहिली. मग म्हणाले, "मॅडम, आते लगून ज्यास्नी ज्यास्नी माले ठगं, तेस्नं औषध दिसे तरी! तुमनं ते दिसत बी नही!"

तरी बाटली त्यांनी परत दिली नाही.

\*

एकदा लॅबचा फ्रिज बंद पडला. शेजारी कृषी केंद्र, तिथले शेठजी मूळचे राजस्थानचे, जैन, माणूस एकदम देवमाणूस. मी बाटल्या घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, "इसमें क्या है?" मी बावळट, खरं ते सांगून टाकलं, "कोळंबीचं कवच."

शेठजी दोन पावलं मागे सरकले. "भैया, ते माझ्याकडे नाही चालणार. आणि या दुसऱ्या बाटलीत?"

"जीवाणू. जिवंत आहेत. गरम झालं तर मरतील."

"मरतील? मग उभा काय राहिलास? आण इकडे!" त्यांनी फ्रिजमधलं आपल्या घरचं दूध बाहेर काढून जीवाणूंच्या बाटल्या आत ठेवल्या. पुढे आठवडाभर मला रोज फोन, "जीव बरे आहेत, काळजी नको."

\*

पहिला हंगाम आमच्या डोळ्यांदेखत गेला. जीवाणू दिले आणि आठ दिवसांत झाडं माना टाकायला लागली. शेवटी आप्पाच बोलले. आमचं औषध दिलं त्याच संध्याकाळी त्यांनी वरून मोरचूद, बुरशीवरचं जुनं औषध, ओतलं होतं. "तुमनं बी ऱ्हावो, जुनं बी ऱ्हावो. दोन देव पुजात ते काय बिघडस?"

मोरचुदाने आमचे झाडून सगळे जीवाणू मेले. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आप्पा, पाहुणे जेवायला बोलावले आणि ताटात विष वाढलंत हो!"

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत, असं जिजींनी नंतर सांगितलं. मलाच वाईट वाटलं.

\*

दुसऱ्या हंगामात चार ओळी औषधाच्या, चार कंट्रोलच्या. कंट्रोल म्हणजे नुसतं पाणी, तुलनेसाठी. जिजींनी विचारलं, "आन त्या मरी गयात ते?" मॅडम म्हणाल्या, "मग कळेल, औषध काम करतंय."

हंगामाअखेर मोजणी केली. आठही ओळी हिरव्यागार! आप्पा खूश, आणि मॅडमचा चेहरा पांढरा. औषध दिलं काय, न दिलं काय, सारखंच. बांधावर बसून त्यांनी वहीत 'फरक नाही' लिहिलं आणि चष्मा काढून डोळे पुसले.

जिजींनी मला बाजूला घेतलं. "मॅडम कसाले रडी ऱ्हायन्यात?" मी सांगितलं. त्यांनी कंट्रोलच्या ओळींकडे बोट केलं.

"तठे मीच टाकं. तुम्ही गयात का ड्रममा जे उरे, ते त्या चार ओळीस्ले. घरमा दोन लेकरे बिमार शेतस. एकले दवा देवानी आन दुसराले निस्तं पाणी? हाई कोणतं शिक्षण?"

मी जाऊन मॅडमना सांगितलं, तर त्या रडता रडता हसायला लागल्या. 'फरक नाही' खोडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला : जिजी.

\*

तिसरा हंगाम शेवटचा. जमलं नाही तर प्रोजेक्ट बंद आणि वावरात ऊस. मॅडमनी जिजींपुढे हातच जोडले. जिजी म्हणाल्या, "ठीक शे. पण मी तिकडे देखाव नही."

बाईने शब्द पाळला. निंदणी असो की तोडणी, त्या चार ओळींकडे कायम पाठ. त्या ओळींचं सगळं काम आप्पांनी केलं.

शेवटची मोजणी झाली. औषधाच्या ओळी जवळजवळ सगळ्या उभ्या. कंट्रोलमधली निम्म्याहून जास्त झाडं वाळलेली, उरलेली मान टाकत होती. एवढा स्वच्छ फरक मी आयुष्यात पाहिला नव्हता! आप्पा ओरडले, "ऊस गया उडत!" आणि मला मिठीच मारली.

वह्या गोळा करून बघतो, तर मॅडम नाहीत. त्या कंट्रोलच्या ओळीत होत्या. हातात उरलेल्या औषधाचा तांब्या, एकेका झाडाच्या बुंध्याशी ओतत होत्या.

मी म्हणालो, "मॅडम, आता उपयोग नाही. मुळं गेलीत."

"माहीत आहे," म्हणाल्या आणि पुढच्या झाडाशी वाकल्या.

जिजींनी हंगामात पहिल्यांदा तिकडे तोंड वळवलं. ड्रममधून दुसरा तांब्या भरला आणि त्या पलीकडच्या टोकापासून सुरू झाल्या.