बटाटेताईचं नाक

"नाकाला विचार," असं म्हणून ती समोरच्याच्या नाकाखाली बटाटा धरायची. कुणाकडे जेवायला गेली तरी आधी स्वयंपाकघरात शिरून टोपलीतले बटाटे हुंगणार, एखादा दाबून बघणार आणि मगच यजमानांना "कसे आहात?" विचारणार. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आमच्या अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावात ही होती. वनस्पतींच्या रोगांवर संशोधन करायची आणि आम्हा विद्यार्थ्यांहून दहा-बारा वर्षांनी मोठी. सगळे तिला ताई म्हणत आणि पाठीमागे बटाटेताई. तिला ते ठाऊक होतं.

मी कम्प्युटरवाला. तिला ड्रायव्हिंग येत नव्हतं आणि माझ्याकडे जुनी गाडी होती, म्हणून शनिवारी मी तिला शेतांवर न्यायचो. "ताई, सीट कव्हर नवीन आहेत यार," म्हणेपर्यंत चिखलाचे बूट आत आलेले असत.

त्यातलं एक शेत एका म्हाताऱ्या अमेरिकन शेतकऱ्याचं. दोन वर्षं त्याच्या बटाट्याची खोडं जमिनीलगत काळी पडत होती आणि खाली बटाट्यांचा लगदा. ताईनं एक रोप उपटून हुंगलं, मलाही हुंगायला लावलं. मी ते लांब फेकलं.

"सडकी मासळी ना? जिवाणू आहेत," ती खुशीत म्हणाली. "औषध फवारून हे जात नाहीत. यांची वाटच ब्लॉक करायची."

तिनं म्हाताऱ्याला बेणं बदलायला लावलं, ते कापायची सुरी पुन्हा पुन्हा जंतुनाशकात बुडवायला लावली, पाणी तुंबणारा तुकडा सोडायला लावला. तो सगळं ऐकायचा, पण म्हणायचा, "डॉक्टर, यंदाही सडले तर बटाटा बंद. मका लावीन."

त्या वर्षी पीक छान आलं. खूश होऊन त्यानं आमच्या गणपतीला, वड्यांसाठी, दोन पोती दिली. शुक्रवारी मीच ती आणली. ताईला तेवढीच मदत, म्हणून अपार्टमेंटच्या बाथटबमध्ये बटाटे घासून धुतले, ओलेच कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत घट्ट बांधले आणि डिकीत ठेवले. स्वतःवर जाम खूश होतो मी.

रविवारी गणपतीच्या हॉलच्या किचनमध्ये पिशवी सोडली आणि आरतीला आलेली माणसं पार्किंगमध्ये पळाली. पाहुणा म्हणून बोलावलेला म्हातारा नेमका तेव्हाच आला, इस्त्रीचा शर्ट घालून. पिशवीत डोकावला आणि खुर्ची ओढून बसला.

"म्हणजे रोग गेलाच नाही," तो म्हणाला.

ताईनं लगद्यात हात घातला. पिशवीच्या तळाचं पाणी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी प्रसादाच्या वाट्या पुसत होतो.

"पिकात दोष नाही," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "हे जिवाणू मातीत थोडेफार असतातच. बटाटे धुऊन ओले कोंडले तर कुणाचेही सडतील."

"पण धुतले कुणी?"

"मी," ताई म्हणाली.

ताईनं त्याच्या पिकअपमधून आणखी एक पोतं मागवलं आणि त्यातले बटाटे त्याच्यासमोर चिरत गेली. सगळे आतून पांढरे, स्वच्छ. "नाकाला विचारा!" म्हाताऱ्यानं हुंगलं आणि ठसका लागेपर्यंत हसला. वडे उशिरा झाले, पण झाले.

पुढे वर्षभर मंडळींनी तिला छळलं. "ताई, कपबशी धुऊ का, की सडेल?" ती हसायची. मी गप्प बसायचो, त्याची लाज मला अजून वाटते.

मग तिच्या कामाची मुदत संपली आणि ती भारतात परत गेली. एअरपोर्टवर कबुली द्यायला मी तोंड उघडलं, तर म्हणाली, "आज बूट पुसून बसले होते हं गाडीत."

पुढच्या सप्टेंबरात मी एकटाच म्हाताऱ्याकडे गेलो. त्यानं बटाट्याच्या कोठाराचं दार दाखवलं. दारावर खडूनं देवनागरी अक्षरं होती.

"डॉक्टर लिहून गेली. म्हणाली, तू आलास की वाचून दाखवशील. काय लिहिलंय?"

"धुऊ नकोस रे."

मला एकदम तिची फार आठवण आली. मी त्याला अर्थ सांगितला. मग बाथटब, काळ्या पिशव्या, डिकी, सगळं सांगितलं.

म्हाताऱ्यानं खडूच्या अक्षरांखालून बोट फिरवलं.

"एवढं सगळं या तीन शब्दांत लिहिलंय?"

"हो," मी म्हणालो.