नणंदेची दुनळी

माझ्या थोरल्या नणंदेने विकत घेण्याआधी कुठल्याही वस्तूला चांगलं म्हटलेलं नाही आणि विकत घेतल्यावर वाईट म्हणू दिलेलं नाही. दुकानात ज्या फ्रिजला ती "डबा हाय नुसता" म्हणाली, तो घरी आल्यावर अख्ख्या घणसोली गावात तसा दुसरा फ्रिज उरला नाही. माठ घेताना ती बोटाने टकटक करून कानाला लावते आणि कुंभाराकडे असं बघते, जणू त्याने माठ नव्हे, फसवणूक भाजून आणली आहे. तिला बघायला आलेल्या मुलाबद्दल "दात पुढं हायेत" असं तिने त्याच्या आईसमोरच सांगितलं होतं. हळद लागल्यानंतर आजतागायत त्या दातांबद्दल कुणी ब्र काढलेला नाही. आमचे नंदोई दात दाखवून हसतात, आणि ती कौतुकाने बघते.

अशा बाईला साठीच्या उंबरठ्यावर बंदूक घ्यायची होती. तिच्या बाकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, भातशेतात येणाऱ्या रानडुकरांसाठी दुनळी बंदूक होती. ती पुसायचं काम लहानपणापासून हिचं. सासरे गेल्यावर माझ्या नवऱ्यासह तिन्ही भावांनी ती पोलीस ठाण्यात जमा केली आणि पुढे कुणाला तरी देऊन टाकली. मुलीला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ती तेव्हा भांडली नाही. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, तिची मुलं मार्गी लागली, आणि एक दिवस तिने स्वतःच्या नावावर परवान्याचा अर्ज केला. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "घरात पुरुषमाणूस नाही का?" ही म्हणाली, "हाय ना. पन त्याला फटाक्याची भीती वाटते." आता शेत कुठे आहे, म्हणाले. "ते तुमीच सांगा," म्हणाली. चपला झिजवून, नेमबाजीच्या क्लबात नाव घालून, सगळे कागद दोन-दोनदा देऊन तिने परवाना मिळवला. त्यावर अट होती: ठरलेल्या मुदतीत बंदूक घेऊन नोंदवायची, नाहीतर परवाना रद्द. पुन्हा तो मिळणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. भाऊ तर दिवस मोजत होते.

नवी बंदूक परवडणारी नव्हती, म्हणून परवानाधारकांच्या जुन्या बंदुका बघायला आम्ही दोघी निघालो. मी गाडी चालवते आणि अशा कामात मध्ये बोलत नाही. तिची तपासणीची पद्धत बाकडून आलेली. बंदूक उघडून नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं, नखावरून परतलेल्या उजेडात आतला गंज बघायचा. मग नळ्या सुट्या करून दोरीला टांगायच्या आणि नखाने टकटक करायची. सांधा घट्ट असेल तर नाद लांबतो, ढिला असेल तर भद्द वाजतं. अगदी माठासारखं. पावणे गावच्या एका कारखानदाराची बंदूक भद्द वाजली. तो म्हणाला, "ताई, माझ्या आजोबांनी या बंदुकीने वाघ मारलाय." नळीतल्या गंजाकडे बघत ही म्हणाली, "मंग धनुर्वातानं मेला असंल." असे सात विक्रेते झाले. सातही जणांनी दार लावून तिला निरोप दिला.

मुदतीला नऊ दिवस उरले तेव्हा आम्ही सीवूड्सला एका इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर गेलो. निवृत्त गृहस्थ, अर्धांगवायूने खुर्चीत बसलेले, बोलणं गेलेलं. व्यवहार त्यांची बायको बघत होती. नणंदेने नळ्या टांगल्या, नख मारलं. नाद निघाला तो थांबेचना. तिने डोळे मिटले. मी मनात म्हटलं, मिळाली. तेवढ्यात तिने डोळे उघडले आणि सवयीने सुरुवात केली, "कोन निष्काळजी मानसानं ठेवलीय ही? तेल का काय फासलंय? हिचा एवढा भाव?"

त्या बाईंनी नळ्या तिच्या हातातून घेतल्या, पेटीत ठेवल्या. "सहा वर्षं दर रविवारी मी पुसते. हे समोर बसून बघतात. विकायची नाही. या तुम्ही."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "ताई, या वेळी चुकलंच तुमचं."

"मना शिकवू नको, वयनी. मालाला नावं ठेवल्याबिगर भाव उतरतो काय?"

"माल तुमच्या बाच्या बंदुकीसारखा होता."



दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माझ्या दारात उभी. पुन्हा चौदावा मजला. बाईंनी दार अर्धवटच उघडलं. ही उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "घ्यायला नाय आले. सांगायला आले. माझ्या बाची बंदूक मी पुसायची, पन तिला असा नाद नव्हता. तुमच्या हातानं राखलाय तो. काल मी खोटं बोलले."

आत खुर्चीतल्या गृहस्थांनी चांगला हात उचलून खुर्चीच्या दांड्यावर दोनदा ठोकला. बाईंनी मागे बघितलं आणि दार पूर्ण उघडलं. चहा झाला. पेटी बाहेर आली. मला वाटलं, आता ही मुकाट्याने हो म्हणेल. कसली! चहा संपताच म्हणाली, "आता दोन हजार कमी करा." बाई म्हणाल्या, "एक रुपया नाही." दोघी पाऊण तास भांडल्या. शेवटी भाव तोच राहिला, पण पुसायच्या काठ्या आणि कातडी पट्टा नणंदेने त्यात घालून घेतला. मुदत संपायच्या आदल्या दिवशी परवान्यावर नोंद झाली. तिने तो तिन्ही भावांपुढे जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला आणि वाचल्याशिवाय कुणाला वाढलं नाही.

ते गृहस्थ पुढच्या वर्षी गेले. तेव्हापासून बाई महिन्यातून एका रविवारी घणसोलीला येतात. नणंद बंदूक पुसते, त्या समोर खुर्चीत बसून बघतात. "तेल जास्त झालं," म्हणतात, "कापड खरखरीत आहे," म्हणतात. स्वतःच्या वस्तूला नावं ठेवलेली ज्या नणंदेला आयुष्यात खपली नाहीत, ती मान खाली घालून कापड बदलते. शेवटी नळ्या दोरीला टांगते आणि बाईंकडे बघते. नख बाई मारतात. नाद विरेपर्यंत आम्ही तिघीही बोलत नाही.