तीन वेळा कुलूप

आहुप्याच्या रस्त्यावरचं एक घर माझ्याकडं होतं. बालसंरक्षणाच्या कामात आम्ही असंच बोलतो, जणू सातबारा आमच्याच नावावर. आई मजुरीला जायची, बाप दारूत. धाकट्या पोराला चालता येत नव्हतं. त्याला सांभाळण्यात थोरलीची शाळा बुडत होती. मुलं आईपाशी ठेवायची की संस्थेत पाठवायची, हे पुण्याची बालकल्याण समिती ठरवणार होती. अहवाल माझा.

मी पडलो उत्साही. पहिल्याच भेटीत आईच्या हातात तारखा घालून तीन चिठ्ठ्या दिल्या. सोमवारी मंचरला पोराचा अपंगाचा दाखला, बुधवारी घोडेगावला रेशनकार्ड, शुक्रवारी नारायणगावला नवऱ्याची दारू सोडवायची चौकशी.

"मला वाचता येत न्हाई, भाऊ."

"कंडक्टरला दाखवा."

मग मी अचानक भेटी द्यायला निघालो. सोमवारी कुलूप. बुधवारी कुलूप. शुक्रवारीही कुलूप. अहवालात लिहिलं, 'आई घरी आढळत नाही. मुलगी शाळेत गैरहजर.' खाली दोन रेघाही ओढल्या. ओढताना जरा ऐटच वाटली.

पुण्यात समितीच्या अध्यक्ष मॅडमनी ते सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं. आईनं कडेवरचं पोर थोरलीकडं दिलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिन्ही चिठ्ठ्या काढल्या.

"बाई, मी घरी नव्हते ते खरं हाय. पोरगी बी संगं व्हती, ह्याला धरायला. कुणी पाठवलं ते ह्यात आसंल, बगा."

मॅडमनी चिठ्ठ्या अहवालाशेजारी मांडल्या. माझं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडालेली कोंबडी कागदावरनं गेलेली. ओळखायला वेळ लागत नाही.

"हे कोणाचं?"

"माझंच. ह्यांना बाहेर धाडलं मी, आणि घरात नाहीत म्हणून लिहिलं तेही मीच. अहवाल चुकलाय, मॅडम."

मुलं आईपाशीच राहिली. कागदांसाठी यापुढं मी हिंडायचं, असं ठरलं.

बाहेर आल्यावर मी मान खाली घालून माफी मागायला गेलो. तीच म्हणाली, "तोंड कशाला पाडता? मंचर झालं, घोडेगाव झालं, नारायणगाव झालं, आज पुणं. लई फिरवलंत, भाऊ!" थोरली फिदीफिदी हसली.

पुढच्या खेपेला आधी फोन करून गेलो. दार सताड उघडं. मी फॉर्म काढला.

"काय लिवताय?"

"आई घरी हजर."

"मंग जरा नीट लिवा. उद्या तुमाला तरी वाचता आलं पायजे."