बाजार नसलेला आजार

पहिल्या शिफ्टला गेलेला माझा नवरा सकाळीच परत आला. दारात चपला काढता काढता म्हणाला, "दारू पिऊन आलोय म्हणे मी."

मला आधी हसूच आलं. त्याने आयुष्यात कधी थेंब घेतला नव्हता. गावातल्या हळदीला सगळी पुरुषमंडळी रंगात आलेली असायची आणि हा पोरांना घेऊन जेवायला बसायचा. त्यावरून त्याची चेष्टाही व्हायची. पण आता तो हसत नव्हता. कंपनीच्या गेटवर त्याला तोंड उघडायला लावलं होतं. वॉचमनने वास घेतला, वास आला नाही. तरीही त्याची चाल बघून शिफ्टच्या साहेबाने त्याला आत घेतलं नाही. वर लोखंडी जिन्यावर असा माणूस नको, म्हणाला.

"मी सरळच चालत होतो गो," तो मला परत परत सांगत होता. सांगताना त्याचा डावा खांदा मध्येच उडत होता, मागून कुणी टपली मारल्यासारखा. तो खांदा असा उडायला लागून बरेच महिने झाले होते. शिफ्टची दगदग असेल, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं.

नव्वदीचं दशक तेव्हा निम्म्यावर आलं होतं. रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमी गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही राहत होतो. पूल ओलांडून तो धाटावच्या औषधं बनवणाऱ्या केमिकल कंपनीत जायचा आणि मी रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला. मुलगी चौथीत होती. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणायची. लिहिताना मात्र तो आपोआप 'तो' होतो, एकटे असताना असायचा तसा.

कंपनीने त्याला काही दिवस घरी बसवलं, मग खाली स्टोअरमध्ये काम दिलं. तिथेही त्याच्या हातून बाटल्या पडू लागल्या. माणूस चिडका झाला. मुलीने पेन्सिल हरवली म्हणून एकदा त्याने ताट भिरकावलं आणि नंतर स्वतःच भात गोळा करत रडत बसला. शेवटी रोह्याच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला जायला सांगितलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी त्याला एका रेषेत चालायला लावलं. मग म्हणाल्या, "जीभ बाहेर काढा आणि तशीच ठेवा." त्याने काढली. ती लगेच आत गेली. परत काढली, परत आत. तो इतका मन लावून प्रयत्न करत होता की माझ्याच्याने बघवेना. बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं का?"

"आईला वाताचं होतं," तो म्हणाला.

"हात-पाय आपोआप हलायचे?"

त्याने हळूच मान हलवली.

त्याच्या आईला मी लग्नात पाहिलं होतं. पेणच्या खाडीकाठी त्यांचं गाव, मिठागरावर राबणारं घर. सासूबाईंना माजघरात भिंतीशी बसवलं होतं आणि दोन बायका दोन्ही बाजूंनी त्यांचे हात धरून होत्या. मला वाटलं, आजारी आहेत म्हणून आधार दिलाय. खरं तर त्यांचे हात आवरायला त्या बसल्या होत्या. पुढे कळलं की मिठागराच्या अरुंद बांधावरून चालताना त्या आगरातल्या खाऱ्या पाण्यात पडायच्या. त्यांना बाहेरचं लागलंय, असं गाव म्हणायचं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. कुणा परदेशी डॉक्टरच्या नावाचा आजार. मेंदूचा एक भाग हळूहळू झिजत जातो, औषध नाही. एका जनुकात दोष असतो, तो काही वर्षांपूर्वीच सापडलाय, असंही म्हणाल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मुलं किती?"

"एक. मुलगी."

मी विज्ञानाची शिक्षिका. पुढचं त्यांनी सांगायच्या आत मला कळलं होतं. निम्मी शक्यता. नाणं वर उडवायचं आणि ते खाली पडायला तीस वर्षं वाट बघायची. बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र मला ठाऊक नव्हती. बापाकडून आला तर हा आजार कधीकधी लवकर येतो.

परतीच्या गाडीत तो खिडकीला डोकं टेकून होता. जिते स्टेशन गेलं तसा उठला. "पेणला उतरू," म्हणाला. मी पिशवी उचलली.

त्याचे थोरले काका अंगणात जाळं विणत बसले होते. याने उभ्या उभ्याच विचारलं, "आईचा आजार आणखी कुणाला होता?"

काकांनी मान वर केली नाही. "तुज्या आईच्या बापाला व्हता. तिच्या एका भावालाबी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगल्यांना म्हायती हाय."

"मग मला का नाय सांगितलंत? हिला का नाय सांगितलंत?"

आता काकांनी वर पाहिलं, त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. "सांगितला असता तं तू दिली असतीस का गो तुजी जिंदगी?"

मी कोलाडकडच्या एका गावातली, भात-वालाची शेती करणाऱ्या घरातली. माझ्या बापाने नक्कीच नाही म्हटलं असतं. मग ही मुलगीही नसती. त्या अंगणात उभी राहून, मुलगी नसती तर बरं झालं असतं का, असा विचार मी केला. आई असून केला. त्यानंतर मला काकांवर नीट रागावताही आलं नाही.

त्या वर्षी वर्गात आनुवंशिकतेचा धडा आला. वाटाण्याची उंच रोपं, बुटकी रोपं. फळ्यावर चौकोन काढून मी त्याचे चार भाग केले आणि अक्षरं भरायला लागले. दोन घरांत दोष, दोन घरं मोकळी. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, कुठल्या घरात कोण जाणार ते आधी कळतं का?" मी म्हटलं, "नाही." आणि खडू ठेवून तास संपायच्या आधीच वर्गाबाहेर आले. मुख्याध्यापकांनी नंतर तो धडा दुसऱ्या शिक्षकांकडे दिला. कारण त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. गाव लहान होतं आणि मुलीला पुढे याच गावात मोठं व्हायचं होतं.

नोकरी सुटल्यावर कंपनीतलं कुणी फिरकलं नाही. एकटे संशोधन विभागातले साहेब यायचे. पुण्याचे होते, आमच्याहून थोडे मोठे. दारूचा आळ आल्यावर "हा माणूस पीत नाही" असं मॅनेजरच्या तोंडावर म्हणणारे तेवढेच. दशक संपत आलं होतं तेव्हा, थंडीत एका रविवारी, ते एक इंग्रजी मासिक घेऊन आले. चेहरा उजळलेला होता. सायकल भिंतीला लावतानाच म्हणाले, "वहिनी, चहा नंतर. आधी हे ऐका."

परदेशातल्या कुणी शास्त्रज्ञांनी भाताच्या कणीपेक्षा लहान अशा एका किड्यावर प्रयोग केला होता. साहेब माझ्या नवऱ्याला समजावून सांगू लागले. "जनुक म्हणजे मूळ प्रत, ती पेशीच्या कपाटात बंद. तिची नक्कल होऊन बाहेर निरोप जातो, तो आरएनए. निरोप वाचून पेशी प्रथिन बनवते. तुझी मूळ प्रतच चुकीची आहे, म्हणून प्रथिन चुकीचं आणि त्याने मेंदू झिजतो. बरोबर?"

"बरोबर," तो म्हणाला. तोवर त्याचे शब्द एकमेकांत अडकायला लागले होते.

"मूळ प्रत आपल्याला बदलता येत नाही. पण यांनी त्याच निरोपाशी जुळणारा दुहेरी आरएनए बनवून किड्याला टोचला, तर किड्याच्या पेशींनी स्वतःच तो निरोप फाडून टाकला! जनुक जागच्या जागी, पण मुकं. आरएनए इंटरफिअरन्स म्हणतात याला."

मी मासिक हातात घेतलं. मला सगळं कळलं नाही, पण जेवढं कळलं तेवढं परत परत वाचलं. साहेब बोलतच होते. यावर मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहतील, कॅन्सर, विषाणू, कोलेस्टेरॉल, ज्या आजाराचं जनुक माहीत आहे तो आजार गप्प करता येईल. औषधांच्या बाजारात असं काही कधी आलेलं नाही.

नवऱ्याने विचारलं, "आपली कंपनी बनवेल?"

"मी हेड ऑफिसला बोलतो," साहेब म्हणाले.

त्यानंतरचे काही आठवडे आमच्या घरात आशा होती. ती आठवली की आजही मला नकोसं होतं. निराशा तरी ओळखीची होती. तो सकाळी उठून अंगणात चालण्याचा व्यायाम करायचा, पडायचा, उठायचा. शब्द जपून ठेवायचे म्हणून मुलीकडून पाढे म्हणवून घ्यायचा आणि तिच्यामागून म्हणायचा. मी शाळेच्या ग्रंथालयात, तालुक्याच्या वाचनालयात, जिथे मिळेल तिथे आरएनए हा शब्द शोधत फिरायची. काही मिळायचं नाही. तरी फिरायची.

साहेब परत आले तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं. चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावेनात.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"हसले," ते म्हणाले. "आपण दुसऱ्यांची औषधं स्वस्तात बनवणारी माणसं, वहिनी. नवं शोधायला आपल्याकडे कुणी बसलेलं नाही, माझ्या विभागातही नाही. आणि बाहेरच्यांनी शोधलं तरी... किड्यात चालतं ते माणसात चालेलच असं नाही. मेंदूपर्यंत ते न्यायचं कसं, हेच कुणाला माहीत नाही. आणि समजा जमलं, तरी पहिलं औषध कोलेस्टेरॉलचं काढतील. साखरेचं काढतील. ज्याची गिऱ्हाइकं घरोघर आहेत त्याचं. तुमच्या आजाराची माणसं आपल्या देशात किती, हे कुणी मोजलेलंसुद्धा नाही. ज्याला बाजार नाही त्यात पैसा कोण घालणार?"

"बाजार?" माझा आवाज चढला. "तुम्ही आम्हाला हे दाखवलंतच कशाला मग?"

साहेबांनी मान खाली घातली. आणि तेवढ्यात माझा नवरा हसायला लागला.

"म्हंजे आमची गिऱ्हाइकी कमी पडली," तो म्हणाला. शब्द तुटत होते पण वाक्य पुरं केलं. "सायेब, आमच्या खाडीत चला. तितं लय हायेत. जमवून आनतो."

आजार वाढला तसा तो गावची बोली बोलायला लागला होता. हसता हसता त्याला ठसका लागला आणि तो थांबेना. साहेबांनी आणि मी मिळून त्याची पाठ चोळली. त्यानंतर साहेब आमच्याकडे कमी येऊ लागले, आणि मग त्यांनी नोकरी बदलली. मी त्यांना दोष दिला नाही. चांगली बातमी सांगायला आलेला माणूस होता तो.

पुढे अष्टमीची खोली सोडून आम्ही पेणजवळच्या गावी राहायला गेलो. त्याला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मी पेणहून गाडीने रोह्याच्या शाळेत जायची आणि दिवसभर काका त्याच्यापाशी असायचे. त्याच्यासाठी त्यांनी जमिनीवरच गाद्या टाकल्या आणि भिंतींना गोधड्या ठोकल्या, हात-पाय आपटून लागू नये म्हणून. भरवायचेही तेच. गिळणं त्याला जमत नव्हतं. घास तोंडात राहायचा, नाहीतर भलतीकडे जायचा.

एके दुपारी शाळेत निरोप आला. मी पोचले तेव्हा काका ओट्यावर बसले होते आणि पेजेचं भांडं अजून त्यांच्या हातात होतं.

"मी भरवत व्हतो गो," ते म्हणाले. "ठसका लागला. मला वाटला, थांबल. मीच मारला त्याला."

"नाही काका."

"मीच मारला."

मी त्यांच्या हातातून भांडं काढून घेतलं. त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलायला हवं होतं. आजार तुमच्या हातात नव्हता, म्हणायला हवं होतं. मला एवढंच सुचलं, "तो उपाशी नाही गेला."

मुलगी शेजारच्या घरी होती. तिने बापाला पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आता हलणार नाहीत ना बाबा?"

त्याला आता खूप वर्षं झाली. त्या किड्यावरच्या शोधाचं जगात मोठं कौतुक झालं. मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या, बुडाल्या, परत उभ्या राहिल्या. अखेर त्या तत्त्वावरची औषधं माणसांसाठी बाजारात आली. साहेबांनी कुठूनतरी माझा नंबर मिळवून फोन केला होता. म्हातारे झाले होते. "वहिनी, झालं बघा. माणसात झालं," म्हणाले. मी विचारलं, "आमच्या आजाराचं?" ते म्हणाले, "नाही. यकृताशी संबंधित दुसऱ्याच आजारांची. मेंदूचं अजून..." मी म्हटलं, "कळवलंत, बरं वाटलं." मला बरं वाटलं नव्हतं.

मुलगी आता बाप गेला त्या वयाच्या पुढे गेली आहे. तिने लग्न केलं नाही. रक्ताची तपासणी करून घेता येते, हे तिला ठाऊक आहे. एकदाच मी तो विषय काढला होता. ती म्हणाली, "कळून काय करू, आई? औषध आहे का?"

गेल्या पावसाळ्यापासून ती जेवताना माझ्याकडे पाठ करून बसते. टीव्ही नीट दिसतो म्हणते. टीव्ही दुसऱ्या भिंतीला आहे.