आटे ओळखणाऱ्या इंदूआक्का

इंदूआक्कांच्या हातात बोल्ट दिला, तर त्या तो लगेच नटात घालून बघत नसत. आधी अंगठ्याचं नख त्याच्या आट्यांवरून हळूच ओढायच्या. मग फळीवरचा, ओळखीच्या मापाचा एक बोल्ट काढायच्या, दोघांचे आटे एकमेकांत रुतवून जोडी दाराच्या उजेडासमोर धरायच्या. मधून उजेडाची रेघ दिसली की फळीवरचा बोल्ट परत फळीवर. “ह्यांचं जमत न्हाय,” असं म्हणून दुसरा घ्यायच्या. स्थळं बघणाऱ्या बाईचा धीर होता त्यांच्याकडे.

बेळगावच्या वडगावात त्यांचं नट-बोल्टचं दुकान होतं. तिथं घरोघरी माग. जुने माग इंची मापाचे, नंतरच्या दुरुस्त्या मिलिमीटरच्या. विणकर तुटका बोल्ट घेऊन यायचे आणि आक्का त्याची जोड काढून द्यायच्या. नवरा मागावर आणि आक्का दुकानात, असा त्यांचा संसार झाला.

माझं गॅरेज निपाणीत. मी डिप्लोमावाला, हात चांगला म्हणून नाव होतं आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं. गावातल्या एका डॉक्टरांनी त्यांच्या वडिलांची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार माझ्याकडे सोपवली. दोन सीटांची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. वडील नव्वदीला टेकलेले. “बाबांना तीत एकदा बसवायचंय, फार वेळ लावू नकोस,” एवढंच डॉक्टर म्हणाले.

गाडी इंग्लंडची म्हणजे आटे इंची, असं मी धरूनच चाललो. इंची पान्यांचा जुना संच शोधून आणला, तो बोल्टांच्या डोक्यांवर चपखल बसला. मग शंका कशाला घ्यायची? इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचे बोल्ट गंजले होते. त्यांच्या जागी अडीच सुती, म्हणजे पाच सोळांश इंच जाडीचे, इंचाला बावीस आट्यांचे नवे बोल्ट आणले. पहिला बोल्ट दोन-तीन वेढे हातानं गेला आणि अडला. मी पाना लावून जोर केला. कर्रकन आवाज झाला आणि बोल्ट सैल फिरायला लागला. इंजिनातले आटे गेले होते.

डॉक्टरांना मी काही बोललो नाही. सगळीच भोकं मोठी करून नवे आटे पाडायचे, कोणाला कळतंय, असं ठरवलं आणि त्याचं हत्यार आणायला बेळगाव गाठलं. तिथल्या ओळखीच्या टर्नरनं विचारलं, “वडगावच्या आक्कांना दाखवलंस काय?” मला हसू आलं. तरी गेलो.

आक्कांनी माझा गंजलेला जुना बोल्ट तेलाच्या फडक्यानं पुसला. नख फिरवलं. बावीस आट्यांचा बोल्ट त्याला लावून उजेडासमोर धरला. सुरुवातीचे तीन-चार आटे बसले, पुढचे सरकत गेले आणि उजेड दिसला.

“इंची न्हाय हे,” आक्का म्हणाल्या.

“आक्का, गाडी इंग्लंडची हाय. पाना इंचीच बसतोय, बघा की.”

“पाना डोक्याला बसतोय रं. आट्याला बसतोय काय?”

मग त्यांनी आटे मोजायची पात्यांची गेज काढली. आट्या-आट्यांत एक मिलिमीटर अंतर असलेलं पातं त्यात असं बसलं, की उजेड पार बंद झाला. बोल्टाची जाडी आठ मिलिमीटर निघाली. डोकं इंची, अंग मिलिमीटरचं! 

“आन् बाजारातला आठ एमएम आणून लावशील, तर त्योबी जमणार न्हाय. त्याचा आटा सव्वाचा असतोय, ह्याचा एकाचा हाय.”

“पण इंग्लंडच्या गाडीला असं का केलं असंल?”

“का केलं ते मला म्हाईत न्हाय. केलंय एवढं दिसतंय.”

पुढे डॉक्टरांनी एका जुन्या पुस्तकातून कारण शोधलं. त्या इंजिनाच्या कारखान्यातली यंत्रं मूळची फ्रेंच होती, म्हणून आटे मिलिमीटरचे पडले. आणि इंग्रज मिस्त्रींकडे इंची पाने होते, म्हणून डोकी इंची ठेवली. आक्कांनी मात्र पुस्तकाशिवाय, दुकानाच्या दारात उभं राहून ते ओळखलं होतं.

“भोकं किती बिघडवलीस?” त्यांनी विचारलं.

“एक.”

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“न्हाय अजून.”

“आज सांग. न्हायतर उद्या तेल गळाय लागलं की गाडीच सांगंल. सोमवारी मी येऊन बघीन. एक बोल्ट बघून सगळी गाडी कशी वळखू?”

रात्रीची वाट न बघता मी दुपारीच निपाणीला परतून डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो आणि सगळं सांगितलं.  आता डॉक्टर गाडी पुण्याच्या एखाद्या गॅरेजात पाठवतील, अशी धास्ती मला होती. पण ते म्हणाले, “सोमवारी त्या बाई काय म्हणतात बघू.”

सोमवारी आक्का एसटीनं आल्या. पिशवीत गेज, चष्मा आणि भाकरी. गाडीशेजारी पोतं अंथरून बसल्या आणि मी काढून देईन तो प्रत्येक बोल्ट बघत गेल्या. इंजिनाचे मिलिमीटरचे निघाले, चाकांकडचे आणि सांगाड्याचे इंची. दाराला एक बोल्ट इंचाला चोवीस आट्यांचा, अमेरिकन मापाचा निघाला. “ह्यो मागनं आलेला पाव्हणा. ह्याला बाजूला बसीव,” म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकदाही पाठ टेकली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, “इंजिन वाचेल?”

“एकच भोक गेलंय, डॉक्टर. तेवढंच ह्यो नीट करंल. बाकीच्यांना हात लावायचा न्हाय.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “पोरगा खोटं बोलला न्हाय. गाडी हितंच ऱ्हाऊ द्या.”

तसे बोल्ट बाजारात मिळेनात, तेव्हा टर्नरकडून करवून घेतले. आक्का त्याच्या लेथशेजारी उभ्या राहून “सावकाश माडप्पा”, सावकाश कर बाबा, असं कानडीत म्हणत राहिल्या. नवे बोल्ट इंजिनात बोटांनी, पान्याशिवाय शेवटापर्यंत गेले. 

डॉक्टरांचे वडील गाडीत बसले. बोरगावपर्यंत जाऊन आले आणि उतरायलाच तयार होईनात.

आता आक्का नाहीत. अखेरपर्यंत दुकानात बसत होत्या. पण पुण्या-बंगळूरहून माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मालकांना मी अजून त्यांच्याबद्दल सांगतो. माझा डिप्लोमा भिंतीवर आहे. पण आटे ओळखायला मी वडगावात शिकलो, हे मी मोठ्यानं सांगतो.

आक्का होत्या तेव्हाची गोष्ट. एका हिवाळ्यात बेळगावला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. सगळं मूळचं राखल्याबद्दल डॉक्टरांच्या गाडीला बक्षीस मिळालं. डॉक्टर एकटे वर गेले नाहीत. त्यांनी आक्कांना हाताला धरून व्यासपीठावर नेलं, करंडक त्यांच्या हातात दिला आणि माइकवर सांगितलं, “ही गाडी यांनी वाचवली.” सुटाबुटातली माणसं उभी राहिली. कोणीतरी आक्कांपुढे माइक धरला. आक्कांनी पदर सारखा केला, गाडीकडे एकदा बघितलं.

“गाडी चांगली हाय,” त्या म्हणाल्या. “बोल्ट लई आवळू नका.”

मैदानभर हशा आणि टाळ्या उसळल्या. मीही वाजवत होतो, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. आणि आक्का तोवर पायऱ्या उतरून, करंडक काखेत मारून, आपल्या चपला शोधत होत्या.