मैदानात मारलेली हाक

नेपाळातला डोल्पा जिल्हा म्हणजे उभाआडवा डोंगर. तिथल्या शाळेत केस पिकेपर्यंत भूगोल शिकवूनही कर्सांग गुरुआमांनी सपाट मैदानी मुलूख काही पाहिला नव्हता. धडा आला की त्या वर्गात घोंगडी अंथरायच्या, सुरकुत्या काढायच्या आणि म्हणायच्या, "हे असं. फक्त याला कड नाही."

"मग पाणी कुठं जातं, गुरुआमा?"

"मला काय ठाऊक! मी काय तिथं नांदले?" त्या खेकसायच्या, पण प्रश्न डोक्यातून जायचा नाही.

अखेर शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी खाली नेपाळगंजला जायचा हुकूम आला. पहिल्याच सकाळी त्या गावाबाहेर बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. चहूकडं भात आणि वर नुसतं आभाळ. नव्या जागी गेलं की डोंगराला हाक मारायची आणि त्याची ओ आली की मगच टेकायचं, ही त्यांच्या खोऱ्याची रीत. गुरुआमांनी खच्चून हाक मारली. ओ येईना. पुन्हा मारली.

तेवढ्यात चिखल तुडवत, हातात विळे घेऊन तिथल्या थारू जमातीच्या चार बायका धावत आल्या.

"काय झालं दीदी? साप चावला?"

"नाही गं बायांनो, सहज मारली हाक."

"सहज?" एक फणकारली. "माझी चप्पल गेली की चिखलात!"

गुरुआमा परतल्यावर वर्गानं विचारलं, "तिथं डोंगर नाही, मग हाकेला ओ कोण देतं?"

या खेपेला घोंगडी घडीतच राहिली.

"माणसं देतात," गुरुआमा म्हणाल्या. "पण त्यांना धावत यावं लागतं. म्हणून तिथं उगाच हाक मारायची नाही."