शेजारच्या सीटवर पोतं

रॉकेलचा वास आला की मला सावेडीतल्या आमच्या घराचं पोर्च आठवतं. बायको वारून तेव्हा तीन महिने झाले होते. कर्जतला माहेरी जाताना ती दर खड्ड्याला कंबर धरायची आणि म्हणायची, "अहो, शॉकअप बदला आता." मी म्हणायचो, बदलू. शेवटी एका रविवारी मी एकट्यानेच जुनी गाडी जॅकवर घेतली, गंजलेले नट रॉकेलने भिजवून सोडवले, नवे शॉकअप आणि त्यांच्या सांध्यातले रबरी बुश बसवले. आवळण्याआधी कर्जतच्या ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "आदी जॅक काढा. गाडीवर वजन पायजे, न्हाईतर बुश लगेच फाटत्यात. वैनींना बसवा पुढं, मग आवळा." त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मीही नुसतं "बरं" म्हणालो. मग घरातून ज्वारीचं पोतं ओढत आणलं, तिच्या सीटवर ठेवलं आणि गाडीखाली शिरून एकेक नट आवळला. पोर्चमध्ये फक्त पान्याचा आवाज होता. आता गाडी खड्ड्यातून अलगद जाते, बसणारे कौतुक करतात. मी मात्र खड्डा दिसला की अजून तिच्या कमरेसाठी गाडी हळू करतो.